रात्रभर उभी असलेली एसयूव्ही एका कोपऱ्यात बसते: एअर सस्पेन्शनची गळती अशी सापडली

एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगवर गाडी तोलणारी रचना) असलेली, जुनी घेतलेली आलिशान एसयूव्ही रोज सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसलेली असे आणि इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) बराच वेळ घरघरत तिला वर उचलत असे. गॅरेजच्या सल्ल्याने आधी गाडीची उंची मोजणारा हाइट सेन्सर आणि मग महागडा कॉम्प्रेसर बदलला. तरीही गाडी बसतच राहिली, याचा फार मनस्ताप झाला.

अखेर सस्पेन्शन सर्वांत उंच पातळीवर नेऊन इंजिन बंद केले आणि एअर स्प्रिंगच्या रबरी घड्यांवर, व्हॉल्व्ह ब्लॉकवर (प्रत्येक कोपऱ्याकडे हवा सोडणाऱ्या झडपांचा संच) व स्ट्रटच्या (चाकाजवळचा उभा आधार, ज्यावर एअर स्प्रिंग असते) माथ्यावरील नळीच्या जोडावर साबणाचे पाणी फवारले. घड्यांवर काहीच दिसले नाही. जोडाशी मात्र बारीक फेस फुगत राहिला. त्यानंतर जॅक मोड (सस्पेन्शनने उंची आपोआप बदलणे थांबवणारी सोय) लावून गाडी भक्कम स्टँडवर घेतली (केवळ हवेच्या आधारावरील गाडीखाली कधीही जाऊ नये), गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरने त्या कोपऱ्यातील हवा सोडली, नळीचे चरे पडलेले टोक धारदार पात्याने काटकोनात कापले, नवा जोड आधी हाताने बसवून मग पान्याने आवळला, हवा भरून पुन्हा फवारणी केली आणि संगणकात नोंदलेले बिघाडाचे संकेत (फॉल्ट कोड) पुसले. कॉम्प्रेसरचा रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलला, कारण गळतीमुळे सतत राबलेल्या रिलेचे संपर्क चिकटले तर नवा कॉम्प्रेसरही जळू शकतो.

अशी गाडी विकत घेण्यापूर्वी ती रात्रभर उभी ठेवून चारही चाकांच्या कमानींची उंची संध्याकाळी आणि सकाळी टेपने मोजावी.