फ्रंट लोड मशीन: आधी गच्ची, मग शोरूम

फ्रंट लोड मशीन घ्यायचं ठरलं असेल, तर शोरूममध्ये जायच्या आधी गच्चीवर जा आणि टाकी बघा. मी अमळनेरला मशिनं दुरुस्त करतो. चोपडा, धरणगाव, पारोळ्यालाही माझं गिऱ्हाईक आहे. "कोणती कंपनी चांगली?" हे सगळे विचारतात. टाकीची उंची कोणी सांगत नाही, आणि नव्या मशीनच्या पहिल्या तक्रारी बहुतेक तिथूनच निघतात.

या मशीनमध्ये पाणी दाबाने यावं लागतं. बहुतेक मॉडेलच्या पुस्तिकेत कमीत कमी ०.३ ते ०.५ बार दाब लिहिलेला असतो. म्हणजे टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा १० ते १६ फूट वर हवा. तळमजल्यावर मशीन आणि गच्चीवर चार फुटांच्या ओट्यावर टाकी असेल, तर जेमतेम जमतं. वरच्या मजल्यावर मशीन आणि डोक्यावर स्लॅबला टेकवलेली टाकी असेल, तर पाण्याची करंगळीएवढी धार येते, मशीन वाट बघतं आणि एरर दाखवून थांबतं. ज्या नळाला मशीन जोडणार, त्याच्याखाली बादली धरा. मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी आलं तर चिंता नको. पाचाच्या आत असेल तर टाकीपासून मशीनसाठी वेगळी लाइन ओढा, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा. हा खर्च मशीनच्या किमतीत आधीच धरून चाला.

टाकीच नसेल, नळ आला की पिंपं भरून ठेवायची अशी सोय असेल, तर सरळ सेमी-ऑटोमॅटिक घ्या. त्यात बादलीने पाणी ओतता येतं. दुकानदार काय वाट्टेल ते सांगू दे.

आता दुसरा प्रश्न, जो विशेषतः आज्या विचारतात: "भाऊ, पानी कितलं लागस?" वरून कपडे टाकायच्या फुल ऑटोमॅटिकमध्ये कपडे पाण्यात बुडावे लागतात, म्हणून ७ किलोच्या मशीनला एका धुण्याला १०० ते १५० लिटर सहज जातं. फ्रंट लोडचा ड्रम आडवा फिरतो. पाणी तळाशी थोडंसंच असतं, कपडे वर उचलले जातात आणि परत त्यात आपटतात, धुणं आपटतो तसंच. म्हणून तेवढ्याच कपड्यांना ४५ ते ७० लिटर पुरतं. नेमका आकडा हवा असेल तर बीईईचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेचं, स्टार लेबल बघा. तारे सगळेच मोजतात, पण त्याच लेबलवर एका किलो कपड्याला, एका धुण्याला किती लिटर लागतं ते लिहिलेलं असतं. त्याला मशीनच्या किलोने गुणा. ८ लिटर असेल आणि मशीन ७ किलोचं असेल, तर ५६ लिटर झाले. दोन मॉडेलमध्ये निवड करायची असेल तर हा गुणाकार करा. दाराच्या काचेला किती सोनेरी कडा आहे ते नंतर बघू.

किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. चार-पाच माणसांच्या घराला ७ किलो पुरतं. अखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरवाशिणी आल्या, घर भरलं, म्हणून ९ किलोचं घेणारे आहेत. ते चार दिवस दोन खेपा लावल्या तर काही बिघडत नाही. वर्षभर मोठं मशीन अर्धं भरून चालवलं तर पाणी काही निम्मं लागत नाही. वजन ओळखून पाणी कमी घेणारी मशिनंसुद्धा बरोब्बर निम्म्यावर येत नाहीत. धुणं साठवा आणि भरून लावा. फक्त ड्रममध्ये वर एक वीतभर जागा सोडा, कपड्यांना पडायला जागा लागते.

पिळण्याचा वेग मिनिटाला ८००, १०००, १२००, १४०० फेरे असा मिळतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. १४०० चे जादा पैसे मोजू नका. १००० किंवा १२०० ने पावसाळाही निभतो. हीटर मात्र असलेलंच घ्या. का, ते पुढे सांगतो.

मशीन पाणी वाचवणारं असलं तरी ते सगळं घालवायची सोय आपणच करतो, ती सांडपाण्याच्या पाइपात. आपल्याकडे मोरीत पाइप नुसता जमिनीवर टाकून देतात. पाइपाचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की सायफन लागतो. मशीन वरून पाणी घेतं, खालून ते आपोआप निघून जातं, पातळी भरत नाही म्हणून मशीन आणखी घेतं. टाकी रिकामी होते आणि दोष मशीनला जातो. पाइपाचं तोंड जमिनीपासून दोन ते सव्वातीन फुटांच्या दरम्यान अडकवा. मशीनबरोबर यू आकाराची प्लास्टिकची पकड मिळते, ती त्यासाठीच असते. मोरीच्या पाइपात ते घट्ट कोंबूनही चालत नाही, बाजूने हवा जायला फट हवी.

हेच पाणी पिंपात धरायचं असेल तरी उंचीचा नियम तोच: पाइप पिंपाच्या काठावरून आत सोडा आणि तोंड पाण्यात बुडू देऊ नका. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. संडासात टाकायला, अंगण धुवायला, मोटारसायकल धुवायला ते चांगलं. झाडांना रोज घालू नका, डिटर्जंटमधला सोडियम जमिनीत साठतो आणि काळी माती आणखी चिकट, आवळ होते.

आता पाण्याच्या जडपणाकडे, म्हणजे त्यातल्या चुन्यासारख्या क्षारांकडे वळू. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, भुसावळला आणि आमच्याकडे तापीचं. नळाचं पाणी त्या मानाने बरं असतं. पण नळ रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर निघतात, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ओळखायला महागडं यंत्र नको. पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचा किस टाका, हलवा. फेस आला तर पाणी हलकं. दुधट गढूळ होऊन वर साय आली तर जड. टीडीएस मीटर घेऊन फिरणाऱ्यावर भिस्त ठेवू नका, त्यात सगळेच क्षार मोजले जातात, जडपणा वेगळा कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानला आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. हा आकडा प्रयोगशाळेतून काढून घेता येतो.

आरओचं वाया जाणारं पाणी साठवून मशीनला वापरणारी घरं मी बघितली आहेत. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात. त्याने फरशी पुसा.

जड पाणी तापलं की चुना हीटरवर बसतो. थर जाड झाला की हीटर आतल्या आत तापून जळतो. दुसरं नुकसान दिसत नाही: ड्रमच्या मागे ॲल्युमिनियमचा तीन पायांचा स्पायडर असतो, त्यावर साबणाचा आणि क्षारांचा लगदा बसून तो वर्षानुवर्षं कुरतडला जातो. एक दिवस पिळताना खडखड सुरू होते, आणि तो खर्च ऐकून माणूस नवं मशीन घ्यायचा विचार करतो.

उपाय किराणा दुकानात आहे. ढोकळ्याला घालतो ते लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाका आणि ६० अंशांवर कॉटनचा प्रोग्रॅम चालवा. बोअरवर असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी, नळावर असाल तर वर्षातून दोनदा पुरे. मग खालचा फिल्टर उघडा, सुटलेल्या चुन्याच्या खपल्या तिथे सापडतील. याच्याबरोबर ब्लीच कधीही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवावा का? पाणी फारच जड असेल तर बसवा. त्यातल्या मण्यांना वेळोवेळी खड्याच्या मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, त्यात पाणीही जातं. ते काम करणारं कोणी घरात नसेल तर नुसती शोभा होते.

गार पाण्यात धुतलं तर चुना बसत नाही हे खरं, पण कायम गार धुतलं तर ड्रममागे साबण आणि बुरशी साठून कपड्यांना कुबट वास येतो. हीटर घ्या म्हटलं ते यासाठी. रोजचे कपडे गार पाण्यात, टॉवेल-चादरी ४० अंशांवर, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० वर किंवा टब क्लीनवर. मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी तसंही हात पोळेल असं येतं, तेव्हा हीटरला सुट्टीच असते.

डिटर्जंट फ्रंट लोडचंच वापरा, शक्यतो लिक्विड. हाताने धुवायच्या पावडरीचा फेस जास्त. मशीन फेस ओळखतं आणि तो काढायला जादा पाणी घेतं. म्हणजे चमचाभर जास्त साबण, वर बादलीभर जास्त पाणी. बुचावरच्या खुणेपासून सुरुवात करा, जड पाण्याला थोडं वाढवा. शेवटच्या खळबळण्यात काचेवर फेस दिसला तर पुढच्या वेळी कमी करा.

शेतातले कपडे थेट आत टाकू नका. काळी माती वाळू द्या, झटका, मग टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू फिल्टरमध्ये नमद्यासारखे बसतात. तेव्हा फिल्टर आठवड्याला, एरवी महिन्याला. खाली एका कोपऱ्यात झाकण असतं. परात ठेवा, बारीक नळी असेल तर आधी तिने पाणी काढा, मग फिल्टर डावीकडे फिरवा. रावेर-यावलकडच्यांनी केळीच्या चिकाचे कपडे वेगळेच ठेवावेत. तो डाग मशीन काढत नाही, कितीही वेळा फिरवलं तरी. नळाच्या बाजूला मशीनच्या मागे बारीक जाळी असते, तीही पकडीने काढून जुन्या टूथब्रशने घासा. टाकी धुतल्यावर तर नक्कीच.

धुणं झालं की कपडे लगेच काढा, दाराचं रबर आतल्या घडीसकट पुसा आणि दार बोटभर उघडं ठेवा. साबणाचा कप्पा ओढून वाळवा. नळ बंद करा. एवढ्यात मशीनचा वास निम्मा जातो.

बसवताना १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग हवं. खालून उंदीर न जाणारी जाळी आहे का ते विचारा. धान्याच्या खोलीशेजारी ठेवणार असाल तर ती नसलेलं मशीन घेऊच नका, उंदीर वायरी खातात. उघड्या गॅलरीत ठेवू नका, उन्हात रबर आणि पॅनेल दोन्ही जातं. मधेच लाइट गेली तर दार ओढू नका. लॉक सुटायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि लाइट आली की बहुतेक मशिनं पुढून सुरू होतात.

पहिलं धुणं लावायच्या आधी पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का ते स्वतः बघा. ते राहिले तर पिळताना मशीन खोलीभर चालतं. काढलेले बोल्ट बिलाच्या पाकिटात ठेवा, घर बदलताना परत लागतात.