जिनिंगची मशीन मधातच थांबत असंन तं आधी सेन्सर न् आयसी चेक करा

भाऊ, कार्ड (मशीनचा आयसीवाला कंट्रोल बोर्ड) गेलं म्हणून लगेच नवीन नका आणू. मोटरचा थ्री फेज पहिले बंद करा, फक्त कंट्रोलचा सप्लाय चालू ठेवा, यात हयगय नकोच.

फोटो सेन्सर असंन तं काचेवरची रुई पुसा, लय वेळा तेवढ्यानंच चालू होते. तीन वायरचा प्रॉक्झिमिटी (लोखंड जवळ आलं का ओळखणारा सेन्सर) असंन तं ब्राउन न् ब्लूमधी डीसी 24 व्होल्ट येते का पाहा, नसंन तं सप्लाय किंवा वायर पाहा, सेन्सरले दोष नका देऊ. मंग समोर लोखंडी पाना धरा. एनपीएन नॉर्मली ओपन (लोखंड समोर आलं का काळी वायर मायनसले जोडणारा) असला तं ब्राउन न् काळ्या वायरमधी 24 च्या जवळपास दिसलं पाहिजे, लाइट लागते पण व्होल्टेज नाही म्हंजे आउटपुट गेला.

आता आयसी, समजा 7400 (नँड गेटची लॉजिक आयसी) आहे: 14 नंबर पिनवर 5 व्होल्ट, 7 वर ग्राउंड, 1 न् 2 दोन्ही हाय असले तं 3 लो, एकही लो असला तं 3 हाय. टीटीएलमधी (7400 ज्या जातीची आहे ते) इनपुटले 0.8 व्होल्टच्या खाली लो, 2 च्या वर हाय, मधातच अडकलं असंन तं ट्रॅक तुटला का पाहा. आउटपुट हलतच नसंन तरी आयसी फेकू नका, पुढचा पार्ट शॉर्ट असला तरी असंच दिसते, म्हणून ती पिन सोडवून परत मोजा.