दात पडला, हलतोय, रक्त येतंय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळताना नववीतल्या भाच्याच्या तोंडावर बॉल बसला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर. आमच्या आईने काय केलं, तर दात नळाखाली धरून ब्रशने खसाखसा घासला, टिश्यूत गुंडाळला, आणि मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. डॉक्टर दात बघून आधी काही बोललेच नाहीत.

आपल्याला वाटतं दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा, पण तसं नसतं. जबड्याच्या हाडात खोबण असते, मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो आणि दोघांच्या मधल्या जेमतेम पाव मिलिमीटर जागेत असंख्य बारीक तंतू दाताला झोळीसारखं तोलून धरतात, म्हणून तर भातातला खडा दाताखाली आला की टचकन कळतो. दात पडला की हे तंतू तुटतात आणि त्यांचा काही भाग जिवंत पेशींसकट मुळाला चिकटून बाहेर येतो. आईने घासून काढली ती "घाण" म्हणजे हीच.

दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती असेल तर दुधात हलकेच खळबळायचा, जमलं तर तिथेच खोबणीत बसवून रुमाल चावून धरायचा, नाहीतर गार दुधात टाकून अर्ध्या तासात डॉक्टर गाठायचा. कात्रज दुधाची पिशवी कोपऱ्यावर मिळतेच की! फक्त दुधाचा दात असेल तर परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

हिरड्यातून रक्त आलं म्हणून ब्रश बंद करणं, ही दुसरी चूक. कीटण साठतं, सूज खाली उतरते आणि खोबणीचं हाडच झिजायला लागतं. मिश्री लावणाऱ्यांना तर तंबाखूमुळे कधीकधी रक्त कमी येतं, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे.

आणि "क्लीनिंग केलं की दात हलतात" हे पेठेतल्या प्रत्येक काकूंचं मत. अहो काकू, हाड आधीच गेलेलं असतं, कीटणाने दात नुसते एकमेकांना धरून ठेवलेले असतात.

भाच्याचा दात तारेने शेजारच्या दातांना बांधून बसवलाय. पण तंतू मेल्यामुळे हाड थेट मुळाला चिकटून हळूहळू ते खाऊन टाकू शकतं, म्हणून अधूनमधून एक्स-रे चालू आहेत.