पाच-सहा जणांचं लपण बांधताय? या चुका टाळा

हल्ली ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच जणांनी मुरबाड, शहापूर, बदलापूर साइडला छोटे प्लॉट घेऊन ठेवलेत, कोणाचं वडिलोपार्जित शेत आहे, तिथे एखादं शेततळं असतं, आणि मग ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतं की इथे पक्षी बघायला मस्त लपण, म्हणजे आड बसायचं खोपटं, बांधूया, सगळे एकत्र बसू. मग यूट्यूब उघडतात आणि अमेरिकेतले हंटिंग ब्लाइंडचे व्हिडिओ बघून मटेरियलची यादी काढतात. हे व्हिडिओ बघायला काही हरकत नाही, सुतारकाम भारी असतं त्यांचं, पण ते लोक हरणं आणि बदकं मारायला बसतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो विषयच संपलाय, आणि आपल्याला हवाय फोटो किंवा नुसतं निवांत निरीक्षण, त्यामुळे तो नकाशा जसाच्या तसा उचलला की पुढे गडबड होते. उदाहरणार्थ त्यांचा तो खांबांवरचा उंच डबा. हरणाला वास लागू नये, लांबचं दिसावं म्हणून तो उंच असतो. शेततळ्यावरच्या टिबुकलीचा किंवा शेकाट्याचा फोटो आठ फुटांवरून काढलात तर नुसती पाठ मिळेल आणि मागे गढूळ पाणी.

एकट्याचं लपण आणि पाच-सहा जणांचं लपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. एकटा माणूस गोणपाटाखाली बसला तरी चालतं. सहा जण म्हणजे सहापट हालचाल, सहा पाण्याच्या बाटल्या, सहा मोबाईल, आणि एकाला तरी मध्येच पाय मोकळे करायचे असतात. जागा ऐसपैस हवीच, पण ती कोपराला आणि पायाला हवी, समोरच्या खिडकीला नको. बहुतेक फसलेल्या लपणांमध्ये नेमकं उलटं झालेलं असतं, आत दाटी आणि समोर भलंमोठं भोक.

जागेची चूक सगळ्यात महाग पडते

खाडीकिनारी काही बांधायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालंय, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं, आणि कांदळवनात किंवा त्याच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम करायला हायकोर्टाची बंदी आहे. बांबूचं आहे, कच्चं आहे, दोन दिवसात काढू असली कारणं चालत नाहीत. येऊर पण तसंच, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सीवूड्स, नेरूळच्या पाणथळ जागांवर रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर फिरायच्या वाटेवर उभे राहा, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जा, लपण वगैरे आपल्या खाजगी जमिनीवर. आणि तिथेसुद्धा जमीन मालकाला स्पष्ट विचारून, शेजारच्या शेतकऱ्याला सांगून. अचानक रात्रीत हिरवं खोपटं उगवलं की गावात चर्चा होते, आणि ती चर्चा तुमच्या कानावर शेवटी येते.

खाडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, ती शेततळ्यावरही कामाला येते. नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोर उजेडात. भांडुपच्या बाजूला उलटं, तिथे दुपारनंतर मजा. लोक ऐरोलीला संध्याकाळी जातात आणि काळे काळे फोटो घेऊन परत येतात, मग कॅमेऱ्याला शिव्या. आणि भरती बघून निघा. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती साधारण दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास असते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, शिवाय दिवसातून दोनदा येते, म्हणजे दशमी ते द्वादशीच्या आसपास ती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित आतल्या पाणथळीकडे येतात, त्यामुळे सकाळचा उजेड आणि भरती एकत्र हवे असतील तर ते दिवस धरायचे. कोळी मंडळी हे तिथीवरून तोंडी सांगतात, ॲप उघडायची गरज पडत नाही त्यांना.

तर शेततळ्यावर सकाळी बसणार असाल तर लपण तळ्याच्या पूर्वेला. पण अगदी काठाला चिकटवू नका. सकाळी सावली लांब पडते आणि लपणाची सावली पाण्यावर आली की जवळचा सगळा उथळ भाग वाया जातो. पंधरा-वीस फूट मागे या.

मागची भिंत: ही चूक जवळजवळ सगळे करतात

पूर्वेला लपण म्हणजे सूर्य तुमच्या मागे, बरोबर? आता लपणाला चारही बाजूंनी नर्सरीवाली हिरवी शेडनेट लावलीय असं धरा. सकाळचा तिरपा उजेड मागच्या नेटमधून आत येतो आणि आतल्या सहा जणांच्या सावल्या पुढच्या नेटवर स्पष्ट उमटतात. आतून तुम्हाला वाटतं आपण लपलोय, बाहेरून पक्ष्याला सहा माणसं दिसतायत, त्यातला एक नाक खाजवतोय. ७५ टक्के उजेड अडवणारी नेट घ्या नाहीतर ९० टक्के वाली, मागून उजेड येतोय तोवर उपयोग नाही. मागची भिंत ठार बंद हवी. गोणपाटाचे दोन थर किंवा जाड ताडपत्री, आतल्या बाजूने गडद रंगाची. छपराची पण तीच गोष्ट, वरून कवडसे नकोत. आत अंधार आणि बाहेर उजेड असेल तरच पुढची नेट काम करते. आत बसताना कपडे पण गडद घाला, पांढरा टीशर्ट घालून आलेल्या माणसाला मागच्या रांगेत बसवा, वाईट वाटलं तरी चालेल.

दरवाजा मागच्या भिंतीत सरळ ठेवू नका. कोणी आत-बाहेर करताना पडदा उचलला की क्षणभर पूर्ण लपण उजळतं. दरवाजा बाजूला काढा आणि आत आणखी एक पडदा आडवा सोडा.

साईज काढताना माणसं मोजतात, ट्रायपॉड विसरतात

माणूस बसायला दोन फूट रुंदी पुरते, लोकलचा अनुभव आहेच सगळ्यांना. पण ट्रायपॉडचे पाय पसरले, लेन्स फिरवायची झाली की माणशी सव्वातीन-साडेतीन फूट लागतात. पाच जणांना म्हणजे साधारण सोळा-सतरा फूट लांबी. फक्त दुर्बिणीवाले असतील तर बारा फुटांत जमतं. खोली सहा फूट तरी ठेवा, म्हणजे बसलेल्यांच्या मागून एक माणूस वाकून जाऊ शकतो, नाहीतर टोकाच्या माणसाला बाहेर जायचं झालं की सगळ्यांना उठावं लागतं आणि तळ्यावरचे बगळे उडालेच म्हणून समजा.

खिडकीचं काय, तर एक लांबच लांब फट ठेवायची नाही. ती मध्ये झोळ घेते आणि पाच चेहरे ओळीने दिसतात. प्रत्येकाला वेगळी खिडकी, फूट-सव्वाफूट रुंद आणि आठ-दहा इंच उंच, तिच्यावर नेटचा सैल पडदा ज्यातून फक्त लेन्सचं तोंड बाहेर येईल. जी वापरात नाही ती बंद. साध्या स्टुलावर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर येतो, त्या हिशोबाने मध्य धरा, आणि एक-दोन खिडक्या खाली, सव्वादोन-अडीच फुटांवर, चटईवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी. पाण्यातल्या पक्ष्याचा चांगला फोटो खालच्याच खिडकीतून मिळतो. जमीन खणून बसायची जागा खाली न्यायची आयडिया चांगली आहे पण तळ्याच्या इतक्या जवळ नको, पाझर येतो आणि सकाळी तुम्ही घोट्याएवढ्या पाण्यात बसता.

फोटो हलतायत, लेन्स खराब आहे का?

लेन्स नाही, जमीन बघा. सगळ्यांना बसायला सोयीचं म्हणून बांबूचा किंवा प्लायचा माच करतात, मग एकाने कूस बदलली की पाचही ट्रायपॉड थरथरतात. खाली ठोकलेली माती आणि त्यावर जुनी चटई हेच बेस्ट, आवाजही होत नाही. माच करायचाच असेल तर ट्रायपॉडचे पाय माचाला भोकं पाडून थेट जमिनीवर टेकवा. आणि सकाळी दहानंतर लांबचे फोटो मऊ येत असतील तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे, त्याला कोणताही इलाज नाही, कॅमेरा ठेवा आणि पोहे खा.

सांगाडा डुलतोय

उभे-आडवे बांबू बांधले आणि तिरके विसरले, नव्वद टक्के वेळा हेच. चारही बाजूंना कोपऱ्यातून कोपऱ्यात एक एक तिरका बांबू मारा, डुलणं थांबतं. ओला हिरवा बांबू वापरला तर तो वाळून आकसतो आणि सुतळीच्या गाठी ढिल्या पडतात, म्हणून बांबू वाळलेला घ्या आणि काथ्या भिजवून बांधा, वाळला की तोच आवळतो. उभे बांबू दोन फूट गाडा, गाडायच्या टोकाला डांबर लावा नाहीतर पुढच्या वर्षी वाळवी हिशोब करते. बाइंडिंग वायर चमकते, वापरलीत तर वरून गोणपाट गुंडाळा. जंगलातली कारवी तोडून आणू नका, गाववाला कितीही म्हणाला की काही होत नाही तरी.

शेडनेट ताणून बांधा. सैल नेट वाऱ्यात शिडासारखी भरते, पूर्ण लपण ओढते आणि वर फडफडते. पक्षी स्थिर वस्तूला सरावतात, फडफडणाऱ्या वस्तूला नाही. नेटवर पेंढा, झावळ्या, आजूबाजूचंच वाळलेलं गवत खोचलं की फडफड पण कमी होते आणि ती नर्सरीची भडक हिरवी रेघ पण मोडते. मार्चमध्ये आसपास सगळं पिवळं असताना एकच हिरवागार चौकोन उठून दिसतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

सगळं नीट आहे तरी पक्षी येत नाहीत

आधी एक टेस्ट करा. चार जणांना आत बसवा, नेहमीसारखं वागू द्या, आणि तुम्ही तळ्याच्या काठावर जिथे पक्षी बसतो तिथे गुडघ्यावर बसून लपणाकडे दुर्बिणीने बघा. सकाळी सात वाजता बघा, दुपारी नाही. पाच मिनिटांत कळेल कुठून काय दिसतंय. बांधणारा माणूस कायम आतून बघतो, त्यामुळे ही टेस्ट कोणीच करत नाही.

तिथे काही सापडलं नाही तर मग वेळेचा प्रश्न आहे. शनिवारी बांधलं आणि रविवारी बसलो असं होत नाही. आधी नुसता सांगाडा, मग दोन-चार दिवसांनी नेट, मग गवत, मग आठवडाभर हातच लावायचा नाही. वेडा राघू आणि खंड्या बिनधास्त असतात, लपणाच्याच बांबूवर येऊन बसतील, पण ढोकरी, शराटी, तुतवार यांना वेळ लागतो. घरट्याजवळ मात्र लपण मुळीच नको, आई-बाप अंडी सोडून गेले तर तुमच्या फोटोला काय चाटायचंय. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावणं पण नको.

मग आत शिरायची पद्धत. उजाडायच्या अर्धा तास आधी सगळे आत, एकदम. उशिरा येणाऱ्याने तिकडे फिरकायचंच नाही, त्याने गाडीत झोपावं. दिवसा जायची वेळ आलीच तर सगळे मिळून जा आणि एक-दोन जण दिसतील असे परत निघून जा, बऱ्याच पक्ष्यांना वाटतं माणसं गेली.

उकाडा, डास आणि बाकीचे पाहुणे

काळं प्लास्टिक छपराला लावलंत तर एप्रिलमध्ये नऊ वाजता आत भट्टी. ताडपत्रीच्या वर वीतभर पेंढा टाका आणि छपराच्या खाली मागच्या बाजूला उंचावर सहा इंचाची फट ठेवा, छपराची कड बाहेर काढली की उजेड आत येत नाही, फक्त गरम हवा बाहेर जाते. डासांसाठी कॉइल लावू नका, चहूबाजूंनी वाळलेला पेंढा आहे आणि आत सहा माणसं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं क्रीम, बस. सिगरेटवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आत जाताना टॉर्च मारून कोपरे, चटईखाली, छपराच्या सांध्यात बघायचंच. पेंढ्यात उंदीर येतात, उंदरामागे साप येतो, आणि या भागात घोणस आहे, फुरसं आहे. बांबूच्या सांध्यांत गांधीलमाश्या पोळं करतात, ते पक्षी आले असताना कळलं तर फार वाईट.

चिप्सची पाकिटं आणू नका, आवाज होतो. चिक्की, केळी, डब्यात थेपले. मुलांना नेणार असाल तर तासाभराच्या वर अपेक्षा ठेवू नका, आणि टॉयलेटची सोय लपणाच्या मागे, तळ्यापासून लांब, आधीच ठरवून ठेवा, हा प्रश्न सात वाजता येतोच.

पावसाळ्यात नेट आणि ताडपत्री काढून घरात ठेवायची. मे संपायच्या आधी, कारण पहिल्या वळवाच्या वाऱ्यालाच ती शेजाऱ्याच्या भाताच्या राबावर जाऊन पडते. सांगाडा राहू दे, ऑक्टोबरमध्ये गाठी तपासून, कुजलेले बांबू बदलून परत चढवा.