हर्बल टी आणि रक्त पातळ करायची गोळी: या चुका टाळा

हर्बल टीमुळे रक्तात गुठळ्या होत नाहीत असं कुठेतरी वाचलं आणि मनानेच गोळी कमी केली, ही सगळ्यात मोठी चूक, जिवावर बेतू शकते. बातमी अगदीच खोटी नाही हं. रुटिन म्हणून एक द्रव्य आहे, कांदा, सफरचंद, चहा यात असतं. 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की गुठळी बनताना पेशींमधून पीडीआय नावाचं एन्झाइम बाहेर पडतं आणि रुटिन त्यालाच अडवतं. पण गुठळ्या कमी झाल्या त्या उंदरांमध्ये. शिवाय पोटात गेलेलं रुटिन सगळं रक्तात पोचत नाही, बरंचसं मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडून टाकतात, मग एका कपातून नेमकं किती लागू पडलं हे कोण सांगणार? गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो, चहाचा नाही.

दुसरा गैरसमज कौमारिनचा, म्हणजे वनस्पतींत असणाऱ्या एका द्रव्याचा. कॅमोमाइलच्या फुलांच्या चहामध्ये कौमारिनच्या जातीची द्रव्यं असतात आणि वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळीही त्याच कुळातली, म्हणून दोन्ही सारखंच काम करतात असं लोक धरून चालतात. तसं नाहीये. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हरचं बुरशी लागलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, पुढे विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या टीमने शोधून काढलं की साध्या कौमारिनपासून बुरशीमुळे डायकौमरॉल तयार होतं आणि खरा उपद्व्याप त्याचा. त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं, जे 1948 मध्ये आधी उंदीर मारायला वापरलं गेलं. म्हणजे नुसत्या कौमारिनने रक्त पातळ होत नाही. पण म्हणून कॅमोमाइल बिनधास्त प्या असंही नाही, वॉरफरिन चालू असताना ते भरपूर वापरलेल्या एका पेशंटला आतून रक्तस्राव झाल्याची नोंद आहे.

उलटंही होतं. ग्रीन टीच्या पानात व्हिटॅमिन के असतं, एक-दोन कपात फारसं उतरत नाही, पण दिवसभर लिटरच्या लिटर प्यायलात तर वॉरफरिनचा असर कमी होऊन आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, खाली येऊ शकतो. सेंट जॉन्स वर्टचा चहा तर वॉरफरिन आणि रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या दोन्हींचा असर कमी करतो, तो नकोच.

आयएनआर अचानक वरखाली झाला तर आधी आठवून बघा, गेल्या दोन-तीन आठवड्यात कुठला चहा नवीन सुरू केला का, वाढवला का, बंद केला का, आणि ते डॉक्टरांना सांगा. ते विचारतील याची वाट बघू नका, चहाला औषध कोणी मानत नाही त्यामुळे तो राहूनच जातो. हिरड्यांतून रक्त, न लागता काळेनिळे डाग, असं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, पण काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला तर सरळ हॉस्पिटल गाठा. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, किंवा एकदम धाप लागली, छातीत दुखलं तरी तसंच, ही गुठळीची लक्षणं असू शकतात, चहा पिऊन बघू म्हणत थांबू नका.

ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर तारीख ठरतानाच हर्बल टीचं पाकीट सोबत न्या. मिक्स टी असेल तर मागची बारीक अक्षरं डॉक्टरांना दाखवा, कारण पुढे लेमन लिहिलेलं असतं आणि आत आलं, गिंको, ज्येष्ठमध असं काहीही निघतं.