ध्वनिमुद्रण करताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असल्यास काय करावे

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना आपलेच बोलणे हेडफोनमध्ये मागाहून ऐकू येऊ लागले की जीभ अडखळते; हा उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर सराईत निवेदकालाही सलग बोलणे कठीण जाते. बहुतेक जण लगेच सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज बदलू लागतात, परंतु आवाज कोणत्या मार्गाने कानापर्यंत येतो आहे, हे आधी पाहावे.

प्रथम ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून वायरचा हेडफोन जोडावा, कारण ब्लूटूथमुळे होणारा उशीर इतर कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.

त्यानंतर ऑडिओ इंटरफेसवर (मायक्रोफोन व हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण आहे का, ते पाहावे. अनेक यूएसबी मायक्रोफोनवरही हेडफोनसाठी जागा असते आणि तेथे हीच सोय मिळते. या मार्गाने आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनमध्ये येतो, म्हणून उशीर जवळजवळ उरतच नाही. मात्र सॉफ्टवेअरमधील मॉनिटरिंग, म्हणजे संगणकातून फिरून आपला आवाज ऐकवणारी सोय, त्याच वेळी बंद करायला हवी (ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’, नव्या आवृत्त्यांत हे नाव वेगळे असू शकते; विंडोजमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’), अन्यथा आवाज दोनदा ऐकू येतो. थेट आवाजावर सॉफ्टवेअरमधील इफेक्ट ऐकू येत नाहीत, पण निवेदनासाठी त्यांची गरजही नसते.

डायरेक्ट मॉनिटरची सोय नसेल, तरच बफरकडे, म्हणजे संगणक आवाजाचे तुकडे प्रक्रियेआधी जिथे थोडा वेळ साठवतो त्या जागेकडे, वळावे. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज पोचवणारा ड्रायव्हर) निवडावा. मॅकवर त्यासाठी कोअर ऑडिओ ही यंत्रणा मुळातच असते. ४८,००० हर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल) १,०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना असे दोनदा थांबत असल्याने एकूण उशीर ४२ मिलिसेकंदांच्या वर जातो. बफर १२८ वर आणल्यास हाच हिशेब साधारण ५ मिलिसेकंदांवर येतो, त्यात ड्रायव्हर आणि उपकरणाचा थोडा वेळ धरावा. आवाजात कडकड येऊ लागल्यास संगणकाला ते काम झेपत नाही असे समजून २५६ वर जावे. गोंगाट कमी करणारे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आणि आवाजाची पातळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारा लिमिटर स्वतःचा उशीर वाढवतात, म्हणून ते ध्वनिमुद्रणानंतरच लावावेत.

ऐकू येणारा उशीर आणि ट्रॅकवर मागे सरकलेला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीचा ट्रॅक ऐकत नवा आवाज भरताना तो मागे पडत असेल, तर सॉफ्टवेअरमधील ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ (उशीर भरून काढणारी सेटिंग) दुरुस्त करावे.