डबेवाल्याकडे द्यायचा डबा कसा भरावा

डबेवाला साडेनऊला दारात येतो आणि थांबत नाही, म्हणून सव्वानऊपर्यंत डबा बंद हवा. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा उत्तम. आमटी सर्वांत खाली, तीही पाऊण कप्पाच. काठोकाठ भरली की लोकलमधल्या हिसक्यांनी झिरपते आणि पिशवी पिवळी होते. तिच्यावर भात, मग सुकी भाजी, वर पोळ्या. भात मात्र दहा मिनिटं उघडा ठेवा. वाफ आत कोंडली की वरच्या पोळ्या ओल्या होतात, आणि एक वाजता ऑफिसात त्या कोणी आवडीने खात नाही! दोन्ही कड्या लावल्या की डबा उलटा करून बघा; थेंब आला तर झाकण वाकलंय.

झाकणावरची रंगीत खूण घासून काढू नका. मधला ठळक आकडा उतरायच्या स्टेशनाचा. कडेला पोचवणारा माणूस, इमारत आणि मजला. खूण पुसट झाली तर डबेवाल्यालाच रंगवायला सांगा.

ही सेवा साधारण 1890ची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डबेवालेही रविवारी येत नाहीत.